अक्षरांपाशी अडणारे मूल

प्राथमिक शाळेच्या जवळजवळ प्रत्येक वर्गात असे एखादे मूल आढळते. शिक्षकांनी सांगितलेली गोष्ट ते बारकाव्यांसह पुन्हा सांगते. दुकानातून सामान आणताना उरलेले पैसे नीट मोजून घेते. मधल्या सुटीत खेळ मांडायचा झाला तर इतर मुले त्याच्याच भोवती जमतात. परंतु पुस्तक उघडून उभे राहण्याची पाळी आली की त्याचा चेहरा उतरतो. पहिला शब्द कसाबसा उच्चारला जातो, दुसरा चित्र पाहून अंदाजाने म्हटला जातो आणि तिसऱ्या शब्दापाशी वर्गात हशा पिकतो. वहीत तर तांबड्या शाईखेरीज फारसे काही दिसत नाही.

अशा मुलाविषयीचा निकाल सहसा फार लवकर दिला जातो. शिक्षक म्हणतात, मूल हुशार आहे पण लक्ष देत नाही. वडील म्हणतात, आळस अंगात मुरला आहे. आजीला वाटते, मोठे झाले की आपोआप येईल. शिकवणी लावली जाते, खेळ बंद केला जातो, कधी मारही दिला जातो. यात दोन-तीन वर्षे निघून जातात आणि तेवढ्या काळात मूल एक गोष्ट मात्र पक्की शिकते: आपण ‘ढ’ आहोत. वाचनातील मागासलेपण पुढे काही अंशी भरून काढता येते. स्वतःविषयीचा हा ग्रह पुसून टाकणे त्याहून पुष्कळ कठीण असते.

प्रस्तुत लेखात अशा मुलासाठी पालकांनी शाळेकडे मदत कशी मागावी आणि शाळेने ती कोणत्या आधारावर द्यावी, याचा विचार केला आहे. त्यातील मुख्य मुद्दा आरंभीच सांगितलेला बरा. निदान होण्यास वेळ लागतो. परंतु मदत निदानासाठी थांबवून ठेवण्याचे कारण नाही. शंका आली त्या दिवसापासून ती सुरू करता येते आणि करावयास हवी.

अडचणीचे स्वरूप

ही अडचण आधुनिक शाळांनी निर्माण केलेली किंवा अलीकडे शोधून काढलेली नाही. १८७७ मध्ये आडोल्फ कुसमाउल या जर्मन वैद्यांनी, दृष्टी शाबूत असूनही छापील शब्द वाचता न येण्याच्या अवस्थेचे ‘शब्दांधत्व’ या नावाने वर्णन केले. १८८७ मध्ये श्टुटगार्ट येथील नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी तिच्यासाठी ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द योजिला. ही दोन्ही वर्णने मेंदूला इजा पोहोचलेल्या प्रौढांविषयी होती. जन्मतःच ही अडचण असलेल्या मुलाची प्रसिद्ध हकीकत १८९६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी नोंदविली. त्यांच्याकडे आलेला चौदा वर्षांचा मुलगा बुद्धीने तल्लख होता, खेळात पुढे होता, अंकगणित सोडवीत होता. पण लहान लहान शब्दांपलीकडे त्याला वाचता येत नव्हते, आणि स्वतःचे नाव लिहितानाही त्याच्या हातून अक्षरांची अदलाबदल होत असे. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांच्या पुढे असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. सव्वाशे वर्षांपूर्वीचे हे वर्णन आजच्या कोणत्याही भारतीय शाळेतील एखाद्या मुलाला तंतोतंत लागू पडावे, ही विचार करावयास लावणारी गोष्ट आहे.

पुढे १९६३ मध्ये सॅम्युअल कर्क या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी अशा निरनिराळ्या अडचणींना मिळून जे नाव सुचविले, त्यासाठी आपल्याकडे ‘अध्ययन अक्षमता’ हा शब्द रूढ झाला आहे. हे एकाच विकाराचे नाव नव्हे. कोणाला वाचन अवघड जाते, कोणाला लेखन, तर कोणाला आकडेमोड; कित्येकदा या अडचणी एकत्रही असतात. यांपैकी वाचनाच्या अडचणीचा अभ्यास सर्वांत अधिक झाला आहे. बहुतेक मुलांच्या बाबतीत तिचे मूळ डोळ्यांत नसून भाषेतील ध्वनी वेगवेगळे ओळखणे आणि त्यांचा चिन्हांशी त्वरित मेळ घालणे या मेंदूच्या कार्यात असते. ती पुष्कळदा एकाच कुटुंबातील अनेकांत आढळते. आईवडिलांच्या लाडाने ती उत्पन्न होत नाही, माराने जात नाही आणि कोणत्याही औषधाने किंवा स्मरणशक्तीच्या चाटणाने बरी होत नाही. योग्य पद्धतीने, सावकाश आणि सातत्याने शिकविल्यास मात्र ही मुले वाचू लागतात.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत, निरनिराळ्या भाषा व संस्कृतींतील शाळकरी मुलांत अशा अडचणींचे प्रमाण शेकडा ५ ते १५ असल्याचे म्हटले आहे. याचा साधा अर्थ असा की, चाळीस मुलांच्या वर्गात अशी दोन ते सहा मुले असू शकतात. तेव्हा हा एखाददुसऱ्या दुर्दैवी घराचा प्रश्न नसून प्रत्येक शाळेचा प्रश्न आहे.

आपल्या लिप्यांची वाट

या विषयावरील पुष्कळसे लेखन इंग्रजी वाचणाऱ्या मुलांसंबंधी आहे. त्यातील लक्षणे आपल्या मुलांना जशीच्या तशी लावता येत नाहीत. देवनागरी, कन्नड, बंगाली यांसारख्या लिप्यांत उच्चार व चिन्ह यांचा संबंध इंग्रजीपेक्षा पुष्कळ नियमित आहे. परंतु चिन्हांची संख्या मोठी आहे आणि त्यांची मांडणी नेहमीच उच्चाराच्या क्रमाने जात नाही. ‘किती’ या शब्दातील पहिली वेलांटी ‘क’च्या आधी लिहावयाची, पण तिचा उच्चार मात्र त्याच्या नंतर करावयाचा. एकटा ‘र’ घेतला तरी तो ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ या शब्दांत चार निरनिराळी रूपे धारण करतो. ‘क्रम’ आणि ‘कर्म’ यांत अक्षरे तीच, केवळ जोडणी वेगळी. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ यांतील भेद एका रेघेचा किंवा एका गाठीचा असतो.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, जोडाक्षरे व मात्रा यांवर पूर्ण प्रभुत्व येण्यास सर्वच मुलांना वेळ लागतो. कन्नड शिकणाऱ्या मुलांच्या अभ्यासात ही प्रक्रिया चौथीपर्यंत चालू राहते, असे आढळले आहे. म्हणून दुसरीतील मुलाने ‘ध’ऐवजी ‘घ’ लिहिला, एवढ्यावरून शंका घेणे उचित नाही. दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. लिपी नियमित असल्यामुळे अडचण असलेले मूलही अक्षरे जुळवीत जुळवीत शब्द बरोबर वाचते; फक्त फार सावकाश वाचते. ‘वाचता तर येते’ असे म्हणून त्याला वरच्या वर्गात ढकलले जाते. चौथी-पाचवीत धडे मोठे होतात, परिसर अभ्यासाची पाने वाढतात, आणि वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याचा आरंभ विसरणारे हे मूल एकाएकी सर्वच विषयांत मागे पडू लागते. आपल्या भाषांत चुकांइतकेच, किंबहुना चुकांपेक्षाही अधिक लक्ष वेगाकडे द्यावयास हवे, ते यासाठी.

येथेच एक इशारा देणे आवश्यक आहे. घरी संताळी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला शाळेत वेगळीच भाषा ऐकावी लागली, अथवा बेळगावसारख्या गावी घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि वर्गात इंग्रजी अशी तीन भाषांची व तीन लिप्यांशी संबंधित कसरत करावी लागली, तर ते काही काळ अडखळणारच. ऊसतोडणीच्या हंगामात आईवडिलांबरोबर चार-सहा महिने गाव सोडणारे मूल मागे पडले तर त्याचे कारण त्याच्या मेंदूत शोधणे हा अन्याय होय. अशा मुलांनाही मदत हवीच असते. पण ती वेगळ्या प्रकारची. अक्षमतेचे नाव त्यांना चुकून चिकटू नये आणि खरोखरीच अक्षमता असलेले मूल ‘भाषा परकी आहे’ या सबबीखाली दुर्लक्षितही राहू नये, यासाठी मुलाची पारख त्याला ठाऊक असलेल्या भाषेत होणे अगत्याचे आहे. मानेसर येथील राष्ट्रीय मस्तिष्क संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांत ‘डाली’ या नावाने ओळखली जाणारी साधने तयार केली, ती याच गरजेतून. २०१५ मध्ये ती उपलब्ध झाली. त्यांत शिक्षकांनी वापरावयाच्या प्राथमिक पाहणीच्या सूची आणि मानसशास्त्रज्ञांनी घ्यावयाच्या कसोट्या, असे दोन्ही भाग आहेत.

शंका केव्हा घ्यावी

एखादे लक्षण एकटे दिसले तर त्याला फारसा अर्थ नसतो. अनेक लक्षणे एकत्र आली आणि नियमित उपस्थिती व पुरेसे शिकविणे असूनही ती सहा महिन्यांहून अधिक काळ टिकून राहिली, तर मात्र विचार करावयास हवा. लहानपणी उशिरा बोलणे, यमक जुळविता न येणे, आठवड्याचे वार क्रमाने न सांगता येणे. पुढे शब्दातील आरंभीचा किंवा शेवटचा ध्वनी वेगळा न काढता येणे, ओळखीचा शब्द त्याच पानावर पुन्हा नव्याने वाचल्यासारखा वाचणे, फळ्यावरचे उतरवून घेताना ओळी गाळणे, एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे लिहिणे, हातचा घेण्यात किंवा अंकांच्या स्थानात सतत गोंधळ होणे, आणि या सर्वांबरोबर तोंडी उत्तरांतील समज मात्र चांगली असणे, ही त्यांपैकी काही लक्षणे होत.

मुलींच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. न वाचता येणारा मुलगा पुष्कळदा खोड्या करून लक्ष वेधून घेतो. मुलगी मागच्या बाकावर शांत बसते, शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते आणि तिचे अक्षर नीटनेटके असल्याने कोणाला काही कळत नाही. पुढे सातवी-आठवीत ‘हिला अभ्यासात गोडी नाही’ असे ठरवून तिची शाळा थांबविली जाते. तिला गोडी होती की नाही, याची विचारणा कोणी केलेलीच नसते.

शंका आली की सर्वप्रथम डोळे व कान तपासून घ्यावेत. फळा अंधुक दिसणारे किंवा एका कानाने कमी ऐकू येणारे मूल हुबेहूब अशीच लक्षणे दाखविते, आणि त्यावरील उपाय चष्म्याइतका सोपा असू शकतो. यासाठी खर्च करण्याची ऐपत असावीच लागते, असे नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात. ज्या तीस प्रकारच्या व्याधी व दोष त्यांनी पाहावयाचे, त्यांत दृष्टिदोष व श्रवणदोष यांच्याबरोबर अध्ययनातील अडचणींचाही समावेश आहे.

शाळेशी बोलणे

शाळेत जाण्यापूर्वी पालकांनी एक साधी वही करावी. तीत तारीख घालून थोडक्यात नोंदी कराव्यात: दहा ओळी वाचण्यास किती वेळ लागला, कोणते शब्द अडले, गृहपाठास किती तास बसावे लागले, शाळेत जाताना पोटात दुखण्याची तक्रार कोणत्या वारी होते. मुलाला काय चांगले येते, तेही तितक्याच काळजीने लिहावे. वहीतील दोन-तीन पाने महिन्याच्या अंतराने जपून ठेवावीत. शिक्षकांपुढे ‘याला काहीच येत नाही’ असे म्हटल्याने काही निष्पन्न होत नाही. ‘तोंडी विचारलेल्या आठ प्रश्नांची उत्तरे दिली, त्याच आठांपैकी लेखी दोनच सोडविली’ असे म्हटले तर शिक्षकांनाही विचार करण्यास काहीतरी हाती लागते.

पहिली भेट वर्गशिक्षकांशीच व्हावी, आणि ती तक्रारीच्या सुरात नसावी. पन्नास मुलांच्या वर्गात शिकविणाऱ्या शिक्षकांच्याही काही अडचणी असतात. ‘आपल्याला वर्गात काय दिसते?’ हा प्रश्न पालकांनी आधी विचारावा आणि उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे. मुलाची बाजू घेणे म्हणजे शिक्षकांच्या विरुद्ध बाजूस उभे राहणे, असे समजण्याचे कारण नाही.

भेटीनंतर मात्र लेखी अर्ज द्यावा. तोंडी बोलणे विसरले जाते, शिक्षकांची बदली होते, वर्ष संपते; कागद राहतो. अर्ज छोटा व नेमका असावा. तिसरीतील मुलीसाठी तो पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

मा. मुख्याध्यापक यांचे सेवेशी,

महोदय, माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता तिसरीत शिकत असून तिची उपस्थिती नियमित आहे. तोंडी प्रश्नांची उत्तरे ती चांगली देते. परंतु जोडाक्षरे असलेले सोपे शब्दही तिला अद्याप वाचता येत नाहीत आणि फळ्यावरील मजकूर उतरवून घेण्यास तिला इतरांच्या दुपटीने वेळ लागतो. तिचे डोळे व कान तपासून घेतले असून त्यांत दोष आढळलेला नाही. वहीतील नमुने सोबत जोडले आहेत. तिला अध्ययन अक्षमता असण्याची शक्यता वाटते. तरी शाळेने तिची प्राथमिक पाहणी करावी; आवश्यक वाटल्यास विशेष शिक्षकांकडे व वैद्यकीय तपासणीसाठी शिफारस करावी; तोपर्यंत तिच्यावर वर्गात मोठ्याने वाचण्याची सक्ती नसावी, फळ्यावरील लेखन कमी करावे आणि तोंडी उत्तरे ग्राह्य धरावीत; तसेच या संबंधात भेटीची वेळ कळवावी, ही विनंती.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी व ती जपून ठेवावी. अर्जात मागणी स्पष्ट असावी. ‘मुलीकडे लक्ष द्यावे’ ही विनंती कोणीही मान्य करते आणि म्हणूनच ती पाळली गेली की नाही, हे कधी ठरविता येत नाही. ‘तोंडी उत्तरे ग्राह्य धरावीत’ या विनंतीचे तसे नाही.

शाळेच्या बाजूनेही साधनांचा अगदीच अभाव आहे, असे नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये ‘प्रशस्त’ ही पाहणी-सूची शाळांसाठी उपलब्ध केली. तिच्या आधारे सामान्य शिक्षकही मुलातील अडचणीची प्राथमिक नोंद करू शकतात. २०१८ पासून चालू असलेल्या समग्र शिक्षा योजनेत गटपातळीवर विशेष शिक्षकांची व्यवस्था आहे. अर्थात ती सर्वत्र पुरेशी आहे, असे म्हणता येणार नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक आणि त्यापुढील स्तरांवर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण घालून दिले, ते या उणिवेमुळेच.

कायदा काय देतो

१९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या केंद्रीय कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेख नव्हता. त्या काळात या मुलांना जे मिळाले ते राज्ये व परीक्षा मंडळे यांच्या निर्णयांमुळे मिळाले. महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला, हा त्यांतील एक अग्रेसर निर्णय होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ही स्थिती बदलली. १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आलेल्या या कायद्याच्या अनुसूचीत २१ प्रकार असून त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेची गणना स्वतंत्रपणे केली आहे.

या कायद्याचे १६ वे कलम प्रत्येक पालकाने व मुख्याध्यापकाने वाचावे असे आहे. शासनाकडून अनुदान किंवा मान्यता मिळालेल्या सर्व शिक्षणसंस्थांना ते लागू होते. मुलांतील अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून तीवर मात करण्यासाठी शिकविण्याच्या व इतर योग्य उपाययोजना संस्थेने कराव्यात, अशी तीत तरतूद आहे. येथे ओळखण्याचे कर्तव्य शाळेवर टाकले आहे. पालकांनी प्रमाणपत्र आणून दाखविल्यावरच शाळेने हालचाल करावी, असे कलमात म्हटलेले नाही. १७ वे कलम अभ्यासक्रमात व परीक्षापद्धतीत बदल करण्याविषयी असून त्यात जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

प्रमाणपत्राचे स्थान यानंतरचे आहे. केंद्र शासनाने २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिक्षकांची पाहणी, बालरोगतज्ज्ञांची तपासणी आणि चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांच्या कसोट्या, असा त्याचा क्रम ठरला. प्रमाणपत्र आठव्या वर्षी द्यावयाचे, चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासावयाचे, असेही त्यांत होते. वाचन शिकण्यास पुरेसा अवधी मिळाल्यावाचून ते येत नाही असा निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून हा विलंब शास्त्रदृष्ट्या समजण्यासारखा आहे. या सूचनांत २०२४ मध्ये सुधारणा करण्यात आल्या. म्हणून प्रत्यक्ष कार्यपद्धती जिल्हा रुग्णालयात विचारून घेणे इष्ट. परंतु सहाव्या वर्षी शाळेत दाखल झालेल्या मुलाने दोन-तीन वर्षे केवळ कागदाची वाट पाहत अपमान सोसावा, असा या विलंबाचा अर्थ कोणी करू नये. कागद परीक्षेच्या सवलतींसाठी लागतो. ज्या लाभांसाठी किमान ४० टक्के अक्षमतेची अट आहे, त्यांसाठी लागतो. वर्गात जवळ बसवून शब्दाची फोड समजावून देण्यासाठी कोणत्याही प्रमाणपत्राची जरुरी नसते.

परीक्षेच्या सवलती मंडळांप्रमाणे भिन्न आहेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ पात्र विद्यार्थ्यांना ताशी वीस मिनिटे जादा वेळ, लेखनिक आणि दहावीस दोनऐवजी एकच भाषा घेण्याची मुभा देते. राज्य मंडळांचे नियम वेगळे असतात व अर्जाच्या मुदतीही. म्हणून आठवी-नववीतच चौकशी करावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत विषयांची निवड अधिक मोकळी असून परीक्षा टप्प्याटप्प्याने देता येते. मात्र नेहमीच्या शाळेने नको असलेल्या मुलाला त्या वाटेने लावून द्यावे, यासाठी ही सोय नाही. सवलत म्हणजे मेहेरबानी नव्हे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. जादा वेळ मिळाल्याने न येणारे उत्तर येऊ लागत नाही. येत असलेले उत्तर कागदावर उतरविता येते, इतकेच.

वर्गातील मदत

या मुलांसाठी लागणारे बरेचसे उपाय खर्चाचे नसतात. पुढच्या बाकावर जागा, फळ्यावरील मजकुराची तयार प्रत, मोठा टंक व ओळींत मोकळी जागा, गणितासाठी चौकटींची वही, शुद्धलेखनाच्या चुकांसाठी इतिहासाचे गुण न कापणे, दहा गणितांऐवजी पाच गणिते, आणि न सांगता एकाएकी वाचण्यास उभे न करणे, एवढ्याने त्यांच्या दिवसाचे स्वरूप बदलते. पण सोयी करून देणे हा मदतीचा अर्धा भाग झाला. दुसरा अर्धा भाग म्हणजे वाचन नव्याने शिकविणे: ध्वनीपासून अक्षराकडे, अक्षरापासून शब्दाकडे, ठरलेल्या क्रमाने, रोज थोडे, आणि मागचे पक्के झाल्याखेरीज पुढचे न घेता.

सॅम्युअल ऑर्टन व अॅना गिलिंगहॅम यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत जी पद्धती घडविली, तीत मूल अक्षर पाहते, त्याचा उच्चार करते, ऐकते आणि त्याच वेळी हाताने ते गिरवितेही. धूळपाटीवर बोट फिरवीत मोठ्याने अक्षर म्हणणाऱ्या आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेला ही रीत अगदी परकी वाटली नसती. त्या शाळेतील छडी गेली हे योग्यच झाले. धुळाक्षरे मात्र काही मुलांसाठी परत आणावयास हरकत नाही.

शाळा दाद देत नसेल तर

बहुतेक ठिकाणी समजुतीने मार्ग निघतो. निघाला नाही तर शाळा व्यवस्थापन समितीकडे आणि त्यानंतर जिल्हा शिक्षण कार्यालयाकडे जावे. २०१७ च्या नियमांनुसार दिव्यांग मुलांच्या प्रवेशाचे व सोयींचे प्रश्न हाताळण्यासाठी तेथे एक समन्वय अधिकारी असणे अपेक्षित आहे. त्यापुढे राज्याचे दिव्यांग आयुक्त आणि बाल हक्क संरक्षण आयोग यांच्याकडे तक्रार करता येते. ‘तुमच्या मुलाला दुसऱ्या शाळेत घाला’ हे वाक्य पुष्कळ पालकांना ऐकावे लागते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत शाळेला मुलाला काढून टाकता येत नाही, आणि शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस त्याच कायद्याच्या १७ व्या कलमाने बंदी आहे. पहिल्या अर्जाची पोच या सर्व ठिकाणी उपयोगी पडते.

नावाची भीती

अनेक घरे येथवर येऊन थांबतात, ती शाळेमुळे नव्हे तर नावाच्या धास्तीने. मुलीच्या लग्नाच्या वेळी हा कागद आडवा येईल काय, नातलग काय म्हणतील, असे प्रश्न मनात उभे राहतात. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. परंतु नाव न देता मूल निनावी राहत नाही; वर्ग त्याला आधीच एक नाव देऊन बसलेला असतो, आणि ते अध्ययन अक्षमतेपेक्षा अधिक क्रूर असते. २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ या हिंदी चित्रपटाने ही गोष्ट लक्षावधी घरांत पोहोचविली. त्याबरोबर अशा प्रत्येक मुलात एखादा चित्रकार दडलेला असतो, असा एक गोड गैरसमजही पसरला. तसे नसते. ही मुले इतर मुलांसारखीच असतात: काही विलक्षण, पुष्कळशी सामान्य. मदतीचा हक्क मिळविण्यासाठी त्यांनी असामान्य असण्याची गरज नाही.

मुलाला काय सांगावे, हा शेवटचा प्रश्न. त्याला खरे ते सांगावे: तुझी समज उणी नाही, अक्षरांची वाट तुला इतरांपेक्षा लांब पडते, आणि ती आपण मिळून चालणार आहोत. रात्री अर्धा तास त्याला काही वाचून दाखवावे, म्हणजे त्याचे डोळे मागे राहिले तरी त्याचे ज्ञान मागे राहणार नाही. खेळ, गाणे, सुतारकाम, जे काही त्याला येते, ते शिक्षा म्हणून कधीही बंद करू नये. दिवसाचे पाच तास जे मूल हरत असते, त्याला जिंकण्याची एक तरी जागा हवी. आणि शाळेला द्यावयाचा तो अर्ज पुढच्या परीक्षेच्या निकालापर्यंत न थांबविता या आठवड्यातच द्यावा.